चे गव्हेराचा दमा

६ जुलै १९६७. बोलिव्हियातल्या सामाईपाता नावाच्या छोट्या गावात रात्री गनिमांची एक तुकडी शिरली. तिथली लष्करी चौकी त्यांनी ताब्यात घेतली आणि मग ही माणसे वळली ती औषधांच्या दुकानाकडे. त्यांचा म्होरक्या गावाबाहेर वाट पाहत थांबला होता. दम्याने तो बेजार झाला होता आणि जवळचे औषध संपत आले होते. साथीदार परतले तेव्हा त्यांच्या पिशव्यांत इतर उपयोगी औषधे होती, पण दम्यावरचे नेमके औषध नव्हते. दोनच दिवसांनी त्याने आपल्या डायरीत नोंद केली, की चालत राहता यावे म्हणून स्वतःला अनेकदा इंजेक्शन टोचून घेतले, आणि शेवटी तर डोळ्यांत घालण्याच्या थेंबांसाठी केलेले अॅड्रेनलिनचे द्रावण वापरावे लागले.

हा म्होरक्या स्वतः डॉक्टर होता, आणि तोही अॅलर्जीच्या दवाखान्यात उमेदवारी केलेला. त्याचे नाव एर्नेस्तो गव्हेरा. जग त्याला ‘चे’ म्हणून ओळखते. आपल्याकडे टी-शर्टवरच्या छायाचित्रामुळे तो घराघरात पोचला आहे आणि अरुण साधूंच्या ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या पुस्तकातून तो भेटलेले मराठी वाचकही पुष्कळ आहेत. त्याच्या राजकारणाबद्दल टोकाची मते आहेत. तो विषय इथला नाही. इथला विषय त्याची छाती.

चेच्या दम्याची गोष्ट सहसा एकाच चालीवर सांगितली जाते. जन्माचा दमेकरी पोरगा इच्छाशक्तीच्या बळावर रग्बी खेळला, खंड पालथा घातला, डोंगरात लढला. त्यात खोटे काही नाही. पण ही गोष्ट अर्धी आहे, आणि दम्याच्या रुग्णासाठी अर्धी गोष्ट धोक्याची असते. उरलेल्या अर्ध्या भागात त्याला छातीवर घेऊन बसणारा बाप आहे, मैदानाकडेने पंप घेऊन धावणारे मित्र आहेत, शत्रूच्या गावात जाऊन औषध आणणारा शेतकरी आहे. आणि ही माणसे, ती औषधे नव्हती तेव्हा काय झाले, तेही आहे.

एर्नेस्तोचा जन्म १९२८ सालचा, अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातला. १९३० सालच्या मे महिन्यात त्याची आई सेलिया त्याला घेऊन ब्वेनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रो इथे नदीवर पोहायला गेली. मे म्हणजे तिकडे हिवाळ्याचे तोंड. वारा होता, गारठा होता. त्या रात्री दोन वर्षांचेही न झालेले ते मूल खोकू लागले. डॉक्टरांनी दम्याचे निदान केले. वडिलांनी या दुखण्याचे खापर आईवर फोडले आणि ती सल त्या घरात कायमची राहिली. खरे तर गार पाण्याने दमा जन्माला येत नाही. ज्या श्वासनलिका मुळात हळव्या असतात, त्यांना गारवा, विषाणू, धूळ असे एखादे निमित्त पुरते. पण कुणाच्या तरी चुकीने मुलाला दमा लागला, ही समजूत आजही अनेक घरांत एखाद्या आईला आयुष्यभर टोचत राहते.

पुढची दोन-तीन वर्षे आईवडिलांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आडवे झोपवले की पोराला धाप लागे, म्हणून वडील पलंगावर बसून त्याला आपल्या छातीशी टेकवून झोपवत. पोराला जेमतेम शब्द फुटत होते, त्या वयात धाप लागली की तो वडिलांकडे इंजेक्शन मागे. सुईला भिणारे मूल सगळेच पाहतात. सुई मागणारे मूल पाहिले की दम्यात जीव कसा मेटाकुटीला येतो ते कळते. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळलेले, आतली त्वचा सुजलेली, त्यात चिकट बेडका. हवा आत जाते, पण बाहेर निघता निघत नाही. छाती भरलेली आणि तरी श्वास अपुरा.

ब्वेनोस आयरेसची दमट हवा मानवेना, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने कुटुंबाने कोर्दोबा प्रांतातल्या आल्ता ग्रासिया या डोंगराळ, कोरड्या हवेच्या गावी बिऱ्हाड हलवले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेले हे लोक दशकभर तिथेच राहिले. मुलाच्या छातीपायी वडिलांचा कामधंदा, आईचे सगेसोयरे, सगळे मागे पडले. तिथे वडिलांनी एक गोष्ट केली जी आजही डॉक्टर रुग्णाला करायला सांगतात. रोजची हवा किती दमट, किती गार, मुलाने काय खाल्ले, काय अंगात घातले, रात्र कशी गेली, याची ते टिपणे ठेवू लागले. घरातली धूळ धरणारी अंथरुणे-पांघरुणे बदलून पाहिली. दम्याची रोजनिशीच ती. मात्र त्या रोजनिशीतून त्यांच्या हाती ठोस काही लागले नाही. एक दिवस जे चालले ते दुसऱ्या दिवशी चालत नसे. दम्याला निमित्ते अनेक असतात आणि ती एकमेकांत मिसळतात. एकच अपराधी शोधत बसलेला माणूस थकून जातो.

थकलेला बाप मग मुलाला जपू लागला तो तळहातावरच्या फोडासारखा. धावू नको, भिजू नको, हे खाऊ नको. सेलियाचे म्हणणे वेगळे होते. पोराला जमेल तितके खेळू द्यावे, पोहू द्यावे, डोंगर चढू द्यावा. धाप लागली तर घरी आणू. कधी कधी मित्र त्याला अक्षरशः उचलून घरी आणत. दम्यामुळे शाळा बुडत होती म्हणून जवळजवळ नऊ वर्षांचा होईपर्यंत आईनेच त्याला घरी शिकवले. अंथरुणात पडल्या पडल्या वाचायची सवय लागली ती तेव्हा, आणि बुद्धिबळही याच काळातले.

त्या घरात नवरा-बायकोचे जे भांडण होते, ते आजच्या दमा-चिकित्सेतले मोठेच भांडण आहे. रुग्णावर पहारा ठेवायचा की त्याच्या हाती लगाम द्यायचा? वडिलांच्या टिपणांशिवाय सेलियाची मोकळीक ही बेपर्वाई ठरली असती, आणि सेलियाशिवाय वडिलांच्या टिपणांनी पोर खोलीतच वाढले असते. दोघांनी मिळून, न ठरवता, मुलाला एक गोष्ट शिकवली. आपली छाती कुठवर साथ देते हे ज्याचे त्याने ओळखायचे. मोठा झाल्यावर एर्नेस्तो बरे असताना प्रचंड खाई आणि दमा उसळला की जेवण जवळजवळ तोडून टाकी. कोणते पदार्थ बाधतात ते त्याला पाठ होते. सुई स्वतःची स्वतः टोचत असे. ग्वाटेमालात भेटलेली आणि पुढे त्याची पत्नी झालेली हिल्डा गादेया हिने पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा ती चकित झाली होती.

कोर्दोबात तो रग्बी खेळू लागला. तिथे आल्बेर्तो ग्रानादो या थोरल्या मित्राने त्याला संघात घेतले. पुढे ब्वेनोस आयरेसला वडिलांनी क्लबच्या लोकांना सांगून त्याला संघातून काढायला लावले, तर हा दुसऱ्या क्लबात जाऊन खेळू लागला. धाप लागली की मैदानाच्या कडेला यायचे, पंप ओढायचा आणि परत आत. कडेला पंप सांभाळत कुणीतरी मित्र उभा असे. त्या काळचा पंप म्हणजे आजच्यासारखा खिशात मावणारा डबा नव्हे. काचेच्या नळीत औषध घालायचे आणि रबरी फुगा दाबून त्याचे तुषार ओढायचे. फुटले की संपले. आजचा दाबायचा पंप अमेरिकेत १९५६ साली बाजारात आला. त्याचीही एक गोष्ट आहे. रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले होते, की केसांवरच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझे औषध का नाही घालत? तिलाही काचेच्या नळीचा कंटाळा आला असणार.

दम्यामुळे लष्करी नोकरीतून सूट मिळालेला हा तरुण ब्वेनोस आयरेसच्या विद्यापीठात वैद्यक शिकला आणि १९५३ साली डॉक्टर झाला. शिकत असताना तो साल्वादोर पिसानी या अॅलर्जी-तज्ज्ञाकडे आधी रुग्ण म्हणून गेला आणि मग त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागला. रुग्णाला आपल्या दुखण्याचा अभ्यासक करून घेणारा डॉक्टर दुर्मीळ. पिसानींनी त्याला पुढेही ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, पण त्याचे पाय एका जागी ठरणारे नव्हते. त्याआधी १९५२ साली तो ग्रानादोबरोबर मोटारसायकलवरून निघून दक्षिण अमेरिका हिंडला होता. वाटेत दम्याने त्याला अनेकदा आडवे केले, आणि दर वेळी कुठल्याशा अनोळखी घरात ग्रानादो शेजारी होता. पुढे मेक्सिकोतही तो अॅलर्जीच्या विभागात काम करत होता. तिथेच १९५५ साली फिडेल कॅस्ट्रो भेटला.

२५ नोव्हेंबर १९५६ रोजी ८२ माणसे ‘ग्रान्मा’ नावाच्या नौकेत कोंबून क्युबाकडे निघाली. चे त्यांचा डॉक्टर. निघण्याच्या घाईत डॉक्टरसाहेबांचे स्वतःचे दम्याचे औषध मागे राहिले आणि सात दिवसांच्या प्रवासात त्यांना अटॅक आला. हे वाचून हसू येईल, पण प्रवासाला निघताना पंप विसरणाऱ्या दमेकऱ्यांमध्ये डॉक्टरही असतात.

सिएरा मायेस्त्राच्या डोंगरातली १९५७ची सुरुवात ही त्याच्या दम्याची खरी परीक्षा. फेब्रुवारीअखेरीस दमा इतका चढला की त्याला चालता येईना. लष्कर मागावर होते. लुईस क्रेस्पो नावाचा शेतकरी गनिम त्याला शिव्या घालत, ढकलत, कधी पाठीवर घेत वर चढवत होता. शेवटी तुकडी पुढे गेली आणि चेला एका साथीदारासह मागे ठेवले. एका शेतकऱ्याला पैसे देऊन मांझानियो गावातून अॅड्रेनलिन आणायला धाडले. तो माणूस परत येईल की शिपायांना घेऊन येईल, कुणालाच खात्री नव्हती. तो औषध घेऊन परतला. मग एरवी एका दिवसाच्या थोड्या पलीकडे न लागणारी वाट चेने दहा दिवसांत काटली, या झाडावरून त्या झाडावर टेकत, बंदुकीच्या दस्त्याची काठी करून. सोबतचा माणूस भित्रा होता. चे खोकला की आवाजाने शत्रू येईल या भीतीने तो थरथरे.

इथे इच्छाशक्ती होतीच, ती कुणी नाकारू नये. पण इच्छाशक्तीने श्वासनलिका उघडत नाही. ती उघडली अॅड्रेनलिनने, आणि अॅड्रेनलिन आणले त्या शेतकऱ्याने. चेने स्वतःही त्या दिवसांच्या आठवणींत हे लपवलेले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये जखमींची जबाबदारी त्याच्यावर होती आणि पुन्हा औषध संपले. दम्याने तो जखमींइतकाच जखडला गेला. तेव्हा डोंगरी लोकांच्या रीतीप्रमाणे त्याने क्लारिन नावाच्या झाडाची वाळलेली पाने ओढून पाहिली आणि थोडा आराम मिळाला. पानांचा धूर ओढणे हा दम्यावरचा जुनाच उपाय. आपल्याकडे धोतऱ्याचा धूर देत. १८०२ साली जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने मद्रासहून हीच युक्ती इंग्लंडला नेली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे युरोपात धोतऱ्याच्या जातीच्या पानांच्या सिगारेटी औषध म्हणून विकल्या गेल्या. धोतऱ्यातल्या अॅट्रोपिनवरूनच पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही पंपातली औषधे घडली. आज कुणी धोतरा ओढायच्या भानगडीत पडू नये. त्यातल्या विषाची मात्रा पानापानाला वेगळी असते आणि भ्रम होण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

चे सिगारही ओढे. डोंगरात डास पळवायला सुरू केली आणि सुटली नाही. क्युबातल्या सत्तापालटानंतर डॉक्टरांनी दिवसाला एकच ओढायची परवानगी दिली, तर पठ्ठ्याने हातभर लांबीची सिगार करून घेतली असा किस्सा सांगतात. किस्सा मजेचा आहे, पण दमेकऱ्याने धूम्रपान केले तर फुप्फुसे लवकर झिजतात आणि औषधेही नीट लागू पडत नाहीत. डॉक्टर असून चेने ही चूक आयुष्यभर केली. १९५९ साली क्युबाचा प्रतिनिधी म्हणून तो दिल्लीला आला, पंडित नेहरूंना भेटला, तेव्हा मंत्र्यासंत्र्यांत वावरणाऱ्या या माणसाच्या खिशात पंप असे हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्याच्या उपचारात आणखी एक उणीव होती, आणि ती त्याची नव्हती, काळाची होती. अॅड्रेनलिन काय किंवा त्याच्या धाकट्या भावासारखे आयसोप्रेनलिन काय, दोन्ही आवळलेले स्नायू सैल करतात. आतली सूज मात्र तशीच राहते. काही तासांत पुन्हा धाप, पुन्हा सुई, आणि दर वेळी हृदयाची धडधड. १९६०च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याचे मृत्यू वाढले, त्यात तीव्र मात्रेच्या आयसोप्रेनलिनच्या पंपांवर ठपका आला. तेवढ्यापुरता आराम देणाऱ्या पंपावरच भिस्त ठेवण्याची सवय मात्र आजही गेलेली नाही. निळा पंप दिवसातून चारदा ओढून दमा ताब्यात आहे असे मानणारे रुग्ण बाह्यरुग्ण विभागात रोज दिसतात. नुसत्या सालब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, सूज कमी करणारे स्टिरॉइडचे औषध पंपातून हवेच, असे दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. बरे वाटत असताना काय घ्यायचे, खोकला वाढला तर काय वाढवायचे आणि कोणत्या टप्प्यावर थेट रुग्णालय गाठायचे, हे तीन टप्पे कागदावर लिहून रुग्णाच्या हाती द्यायचे असतात. आल्ता ग्रासियातल्या वडिलांच्या वहीत पहिले पान होते, दुसरे नव्हते.

१९६६च्या नोव्हेंबरात चे बोलिव्हियात उतरला. न्यांकाउआसू नदीच्या परिसरात गनिमांनी जमिनीत गुहा खणून औषधे, कागदपत्रे, अन्न लपवले. दम्याचे औषधही तिथेच. १९६७च्या एप्रिलमध्ये तुकडीचे दोन भाग झाले आणि ते एकमेकांना पुन्हा कधी भेटले नाहीत. शहरातल्या माणसांशी संपर्क तुटला. इथले शेतकरी भाषेने आणि मनानेही दूर होते. क्युबात मांझानियोला जाऊन येणारा माणूस मिळाला होता, तसा इथे मिळाला नाही. जूननंतर डायरीत दम्याच्या नोंदी वारंवार येऊ लागतात. जुलैचा आढावा घेताना त्याने पुढच्या निकडीच्या कामांत संपर्क, नवी भरती आणि औषधे अशी रांग लावली आहे.

ऑगस्टमध्ये तर हातात येईल ते टोचून पाहणे सुरू झाले. बधिर करायला वापरतात ते नोव्होकेनसुद्धा. झोप नाही, पोटात अन्न नाही, चालणे जमत नाही म्हणून घोडीवर. त्या महिन्यात एके दिवशी घोडी हळू चालते म्हणून त्याने रागाच्या भरात तिच्या मानेत सुरा खुपसला. संध्याकाळी साथीदारांना जमवून त्याने कबूल केले, की आपण माणूस म्हणून खचलो आहोत आणि या प्रकाराने आपला तोल सुटल्याचे दिसते. चेचे चरित्रकार या प्रसंगातून त्याच्या स्वभावाचे निदान करतात. दम्याचा रुग्ण पाहिलेला डॉक्टर आधी प्राणवायू, झोप आणि अॅड्रेनलिनचा ताण मोजेल. कोंडलेल्या श्वासाने चिडचिड होते, ती घरातल्यांवर निघते, आणि घरातले त्याला स्वभाव म्हणतात.

त्याने काही साथीदारांना गुहेतली औषधे आणायला पाठवले. १४ ऑगस्टला रेडिओवर बातमी आली. लष्कराने ती गुहा शोधून काढली होती. त्या दिवसाची नोंद त्याने काळा दिवस म्हणून केली आहे. कागदपत्रे गेली त्याचे दुःख त्यात आहेच, पण त्याच नोंदीत, आता किती काळ हा दमा भोगावा लागेल ठाऊक नाही, हेही आहे.

यानंतर तो आठ आठवडे जगला. ८ ऑक्टोबरला घळीत घेरून त्याला जखमी अवस्थेत पकडले आणि दुसऱ्या दिवशी ला इगेरा गावातल्या शाळेच्या खोलीत गोळ्या घातल्या. वय ३९.

श्वासनलिका नेमकेपणाने उघडणारे आणि हृदयाला कमी त्रास देणारे सालब्युटामॉल १९६९ साली आले. सूज शमवणारा स्टिरॉइडचा पहिला यशस्वी पंप ब्रिटनमध्ये १९७२ साली मिळू लागला. चे तेव्हा असता तर त्याने ४४वे वर्ष गाठले असते.